स्प्रिंग बदलता येत नाही, मग शॉकअपवर किती उधळायचं?

उतारावर_न्यूट्रल:
माझ्याकडे 2001 ची माझदा एमएक्स-5 मियाटा आहे, 1.8 लिटरची. वजन हजार किलोच्या थोडं वर. राहतो डेट्रॉइटजवळ, उन्हाळ्यात महिन्यातले एक-दोन रविवार एससीसीएच्या (अमेरिकेतला हौशी मोटार शर्यतींचा क्लब) ऑटोक्रॉसला जातात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये नाहीतर जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड.

मी स्ट्रीट गटात पळवतो. तिथे स्प्रिंग कंपनीचीच ठेवावी लागते, टायर किमान 200 ट्रेडवेअरचे (हा झिजेचा आकडा; जितका कमी तितका टायर चिकट), अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) पुढचा किंवा मागचा, एकच बदलता येतो. शॉकअप हवे ते बसवा, पण बाहेरून फिरवायच्या कळा दोनपेक्षा जास्त नकोत.

आता माझा डावा मागचा शॉकअप तेल गाळायला लागलाय, त्यामुळे चारही बदलणं आलंच. आमच्या ग्रुपमधले सगळे म्हणतात, दोन कळांचे घे, आयुष्यभराची निश्चिंती. माझं मत उलट आहे. हौशी माणसाने एका कळेचे, म्हणजे फक्त रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा विरोध) कमीजास्त होणारे, कोनी कंपनीचे पिवळे शॉकअप घ्यावेत, एकदा बसवावेत आणि विसरून जावं. चारांना हजार डॉलरच्या आसपास पडतात. दोन कळांचे, ज्यात कॉम्प्रेशनही (स्प्रिंग दबतानाचा विरोध) फिरवता येतं, त्याच्या तिप्पट-चौपट.

कारण साधं आहे. रविवारी मला पाच धावा मिळतात, एकेक पन्नास सेकंदांची. म्हणजे सगळी मिळून चार मिनिटं दहा सेकंद! समजा प्रत्येक कळेला बारा टप्पे. पुढची जोडी, मागची जोडी, रिबाउंड, कॉम्प्रेशन... झाले 20,736 मेळ. एवढे मेळ तपासायचे तर नातवालाही पळवावं लागेल.

बोला.

शिम_शिमगा:
चाकणला शॉकअपच्या कारखान्यात अकरा वर्षं व्हॉल्व्हिंग (आतल्या तेलाची वाट कमीजास्त करून विरोध ठरवणं) केलंय, म्हणून राहवत नाही. 20,736 हा आकडा टाळ्या घेणारा आहे, पण गैरलागू. तबलजी प्रत्येक गठ्ठ्यावर बारा बारा ठोके मारून तबला लावतो का? आधी मधोमध लावायचं, मग एका टोकाला न्यायचं, मग दुसऱ्या. तीन धावांत कळतं कुठल्या बाजूला सरकायचं ते.

आणि खरा मुद्दा तुम्हीच लिहिलात आणि तुम्हीच ओलांडून गेलात. स्प्रिंग बंद, एक बार बंद. मग त्या गाडीत तुमच्या हातात उरलं काय? टायर, उरलेला एक बार आणि शॉकअप. जिथे स्प्रिंग बदलता येते तिथे मीही म्हणेन की शॉकअप बेताचा घ्या. तुमच्या गटात तोच मोठा दरवाजा उघडा आहे आणि तुम्ही म्हणताय त्यालाच कडी लावू.

पंक्चर_पंडित:
शॉकअपने वेळ कमी होतो हीच मुळात अंधश्रद्धा आहे. वळणात बाहेरच्या चाकांवर किती वजन जाणार हे ठरतं गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यावर. शॉकअप त्यातलं एक किलोही कमी करू शकत नाही. त्या पैशांत टायरचे चार सेट येतील.

शिम_शिमगा:
पंडितजी, अर्धं बरोबर. एकूण वजन किती सरकणार ते शॉकअप ठरवत नाही, पण ते *कधी* सरकणार हे तोच ठरवतो. लांबलचक गोल वळणात, जिथे गाडी एकदा कलली की कललेलीच राहते, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ऑटोक्रॉसमध्ये असं वळण असतं कुठे?

स्लॅलम घ्या. वीस-वीस मीटरवर कोन, वेग ताशी 60 किमी. म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. दर 1.2 सेकंदाला गाडीने कूस बदलायची. एका बाजूला पूर्ण स्थिरावायच्या आतच उलटीकडे ढकलली जाते. त्या गाडीला स्थिर अवस्था माहीतच नाही, सगळा खेळ मधल्या वेळेचा.

थोडं गणित, उदाहरणापुरते आकडे धरून. चाकापाशी स्प्रिंगचा जोर मिलिमीटरला 18 न्यूटन, त्या कोपऱ्यावरचं वजन 220 किलो. गाडी तिथे सेकंदाला साधारण 1.4 वेळा झुलेल. झोका एकाच दमात थांबवायला लागणारं डॅम्पिंग (शॉकअपचा विरोध) येतं 3,980 न्यूटन-सेकंद प्रति मीटर. रस्त्यावरच्या गाडीला यातलं पाव ते तिसरा हिस्सा असतं, कारण आजीला खड्ड्यात दणका बसायला नको. स्पर्धेला 65 टक्के धरू: 2,590. शॉकअप चाकापेक्षा कमी सरकतो, प्रमाण 0.7 धरलं तर त्याच्या स्वतःपाशी हे होतं सुमारे 5,280. म्हणजे रॉड सेकंदाला 50 मिमी वेगाने सरकत असताना सुमारे 264 न्यूटन, 27 किलोचा विरोध. दुकानदाराला कळा किती हे विचारू नका. 50 मिमीला किती न्यूटन, त्याचा डायनोचा (शॉकअपचा विरोध मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखव म्हणा. तो कागद नसेल तर कळ म्हणजे नुसती शोभेची.

तिसरा_गिअर:
मी आणि नवरा एकाच गाडीवर उतरतो. तीच मियाटा, तेच शॉकअप, टायर तर त्याने गरम करून दिलेले. मी त्याच्यापेक्षा दीड सेकंद पुढे असते. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.)

आमच्याकडे दोन कळांचे आहेत. पहिलं वर्ष फुकट गेलं. प्रत्येक धावेनंतर हा बॉनेट उघडून टकटक करणार आणि पुढच्या धावेत गाडी वेगळीच लागणार. गाडी बदलली की आपण बदललो, हेच कळेना. शेवटी मी कळांवर टेप चिकटवली. त्या दिवशी आमचा दोघांचा वेळ सुधारला. त्यामुळे मत न्यूट्रलदादांना. शॉकअप वाईट नव्हते, आम्ही त्यांच्या लायकीचे नव्हतो.

शिम_शिमगा:
ताई, तुमच्या पोस्टमध्ये माझाच मुद्दा आहे. टेप चिकटवलीत ती *कुठल्या टप्प्यावर*? तो टप्पा सापडायला कळ लागलीच ना?

तिसरा_गिअर:
खरं सांगू? टेप सापडली तेव्हा जिथे होती तिथेच चिकटवली.

पंक्चर_पंडित:
😂 धागा इथेच बंद करा.

उतारावर_न्यूट्रल:
शिमराव, कागदाचं पटलं. पण एक शंका. कोनीत कॉम्प्रेशन ठरलेलं, फक्त रिबाउंड हाताशी. स्प्रिंग मऊ, मग उघडताना थोपवून धरली की झालं, असं मला वाटत होतं. इथले बरेच जण रिबाउंड पूर्ण आवळून टाकतात. गाडी मग दगडासारखी लागते आणि चालवायला मजाही येते.

शिम_शिमगा:
मजा येते, वेळ येत नाही. वाचणाऱ्यांसाठी: कॉम्प्रेशन म्हणजे चाक वर येऊन स्प्रिंग दबताना होणारा विरोध, रिबाउंड म्हणजे ती परत उघडतानाचा. रिबाउंड पूर्ण आवळला की उंचवट्यावर चाक वर तर येतं, पण पुढच्या उंचवट्याच्या आत खाली पोचत नाही. असे चार उंचवटे ओळीने आले की गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. मग तुमची मऊ स्प्रिंग खेळातून बाद, गाडी रबराच्या ठोकळ्यावर उभी. मागून ती सटकते आणि लोक शिव्या टायरला देतात. नेब्रास्कात लिंकनला राष्ट्रीय स्पर्धा काँक्रीटवर होते, तिथे कदाचित खपून जाईल. तुमच्याकडच्या उखडलेल्या पार्किंगमध्ये नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. एकनळी, म्हणजे तेल आणि गॅस एकाच नळीत असलेल्या, शॉकअपमध्ये गॅस जास्त दाबाने भरलेला असतो. तो रॉडला सतत बाहेर ढकलतो. 14 मिमीचा रॉड, 20 बार दाब: 308 न्यूटन, म्हणजे प्रत्येक शॉकअप फुकटात 31 किलो उचलतोय. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर गाडी सुमारे 12 मिमी वर येते. तुमच्या गटात गाडी खाली बसवता येत नाही आणि तुम्ही पैसे मोजून ती वर करून घ्याल! मऊ स्प्रिंगवर हे फार जाणवतं. या बाबतीत तुमचे दोननळी कोनी उजवे, हे मात्र कबूल.

उतारावर_न्यूट्रल:
म्हणजे शेवटी कोनीच?

शिम_शिमगा:
असं मी म्हटलेलं नाही. एका कळेचे घ्या नाहीतर दोन, पण आधी सध्याचे शॉकअप काय करतायत ते बघा. धुळीचं रबरी कव्हर वर सरकवा, चकचकीत रॉडला एक बारीक झिप-टाय घट्ट बांधा, खाली सीलपर्यंत सरकवून ठेवा. चारही कोपऱ्यांना. धाव मारून या आणि टाय कुठवर चढलाय ते बघा. खर्च: चार झिप-टाय.

पंक्चर_पंडित:
एवढ्या चर्चेनंतर हा पहिला सल्ला ज्यात कुणाला काही विकायचं नाहीये.

उतारावर_न्यूट्रल:
(दहा दिवसांनी) रविवारी करून पाहिलं. मागे दोन्ही बाजूंना टाय आणि बंप स्टॉपमध्ये दोन बोटं जागा शिल्लक. पुढे मात्र दुसऱ्याच धावेत टाय थेट वर जाऊन चिकटलेला. कव्हर अजून वर केलं तर बंप स्टॉप जागेवर नव्हताच. बोट लावलं तशी पिवळी भुकटी हातात आली, जुन्या सोफ्यातल्या फोमसारखी. चोवीस वर्षांचा माल! म्हणजे दोन वर्षं मी पुढे गाडी थेट धातूवर आपटत होतो आणि स्लॅलममध्ये नाक सरळ जातं म्हणून टायरला दोष देत होतो.

कंपनीचेच बंप स्टॉप मागवलेत. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात त्या मिठाने रबरी बुशमध्ये असा धरलाय की तीन संध्याकाळी तेल सोडून, हातोडी मारून, शेवटी शेजाऱ्याची करवत आणली. शॉकअप कोनीच घेतोय, पण डायनोचा कागद मागितलाय. दुकानदार म्हणाला, आजवर कुणी मागितला नव्हता.

शिम_शिमगा:
बसवताना बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर लटकलेली असताना नको. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि तीही एक स्प्रिंग होऊन बसते. आणि कागद आला की इथे चढवा. भांडण संपलेलं नाही.

तिसरा_गिअर:
न्यूट्रलदादा, टेप हवी तर सांगा. अर्धा रोल शिल्लक आहे.