बॉब हेजने 21 व्या वर्षी ट्रॅक सोडला, चुकलंच ना त्याचं?

धावपट्टी:
काल रात्री परत 1964 टोकियो ऑलिम्पिकची 4×100 रिले बघत बसलो होतो. हेजच्या हातात बॅटन येतं तेव्हा अमेरिका पाचवी, आणि रेषेवर पोचेपर्यंत गडी तीन मीटर पुढे, वर नवा विश्वविक्रम. त्याआधी 100 मीटरचं सोनं, 10.0 सेकंद, तेही पहिल्या लेनमधून जिची माती 20 किमी चालण्याच्या शर्यतवाल्यांनी उकरून ठेवलेली, आणि पायातला एक बूट उसना! आणि हे सगळं केल्यावर साहेब काय करतात तर डलास काउबॉइजकडून अमेरिकन फुटबॉल खेळायला जातात, ट्रॅकला कायमचा रामराम. मेक्सिकोला 1968 मध्ये तो फक्त 25 चा असता हो. माझ्या मते खेळांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी नासाडी.

खडूस_काका:
नासाडी म्हणे. पोटाचं काय? तेव्हा धावण्यात दमडी मिळत नव्हती, हौशी खेळाडूचा नियम असा कडक की दुसऱ्या खेळात पगार घेतला तरी ट्रॅक बंद. म्हणजे त्याने ट्रॅक "सोडला" हेच चूक, त्याला निवडायला लावलं. शिव्या द्यायच्या तर त्या नियमाला द्या.

धावपट्टी:
नियम मान्य काका, पण चार वर्षं कळ काढता आली असती की

खडूस_काका:
तुम्ही काढा कळ. जॅक्सनव्हिलच्या गरीब घरातला पोरगा, समोर करार, आणि तो म्हणणार थांबा हो मला अजून एक पदक आणायचंय?

चिंचोका:
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. सगळे त्याला धावपटू म्हणूनच मोजताय, फुटबॉल जणू साईड बिझनेस. पहिल्याच मोसमात 1965 ला 46 कॅच, 1003 यार्ड, 12 टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की एक, आपल्या गोलसारखं). आख्ख्या करिअरमध्ये 71 टचडाउन आणि दर कॅचमागे सरासरी 20 यार्ड!! नुसता पळणारा असता तर जिम हाइन्स झाला असता. 1968 चं 100 मीटरचं सोनं घेऊन तोही फुटबॉलला गेला, जेमतेम दोन कॅच आणि टोपणनाव पडलं "ऊप्स". हेज कॉलेजपासून फुटबॉल खेळत होता, हा फरक. त्याला एकट्याने कव्हर करणं कुणाला जमेना म्हणून झोन डिफेन्स आला, म्हणजे एकेका खेळाडूमागे न पळता मैदानातली जागा वाटून राखायची.

नाना_न्यूजर्सी:
झोन आधीपासून होता हो, त्याच्यामुळे वाढला म्हणा फार तर. आणि हात त्याचे तेवढे भारी नव्हते, झेल सुटायचे. 1967 चा ग्रीन बे संघाविरुद्धचा तो गोठवणारा सामना आठवा, थंडी म्हणून बॉल आपल्याकडे येणार नसेल तेव्हा हा दोन्ही हात पॅन्टमध्ये घालून पळायचा, समोरच्यांना फुकट इशारा 😂

चिंचोका:
नाना, उणे 25 सेल्सिअस होतं, तुम्ही घराबाहेर तरी पडला असता का?

नाना_न्यूजर्सी:
मी कचरा टाकायलाही जात नाही 😂 पण मला त्याचे पैसे पण मिळत नाहीत.

धावपट्टी:
चिंचोका, हाइन्सचा मुद्दा घेतला, तो मी विसरलोच होतो. पण मग हेच बघा, ऑलिम्पिक सोनं आणि सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी फायनल) दोन्ही जिंकलेला माणूस हा एकटाच, आणि फुटबॉलवाल्यांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतलं कधी, तर 2009 ला. माणूस गेला 2002 ला. ज्यांच्यासाठी ट्रॅक सोडला त्यांनी ही किंमत केली.

खडूस_काका:
मधे ड्रग्जच्या केसमध्ये जेल झाली होती ते पण लिहा की, उशीर त्यामुळे झाला असणार.

धावपट्टी:
जेल 1979 ला, खेळणं 1975 ला संपलेलं. मैदानावरच्या 71 टचडाउनमधून त्या जेलपायी किती वजा करायचे, तुम्हीच सांगा.