घशाच्या ऑपरेशननंतर चव-वास गेला? अनुभव लिहा

सासऱ्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलंय. आवाजाचं काय होणार ते सगळे सांगतात, जेवणाचं काय, ते कुणीच नाही. ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा. टॉन्सिलचे अनुभवही चालतील.
– सूनबाई, सुदामानगर

रामबागचे काका
पूर्ण स्वरयंत्र काढलेला माणूस सांगून राहिलाय, ऐका. श्वास आता गळ्याच्या भोकातून, म्हणजे स्टोमातून. नाक शाबूत आहे, पण हवाच तिकडून जात नाही, तर वास पोचणार कसा? घरी आल्यावर पोह्यांची बशी समोर आली तेव्हा याचा अर्थ कळला. आपले इंदुरी पोहे, वाफेवरचे, बडीशेप घातलेले. मीठ कळलं, साखर कळली, लिंबू कळलं, जिरावणातला (वरून भुरभुरायच्या मसाल्यातला) आमचूर कळला, तिखटही झोंबलं. बडीशेप, हिंग, कोथिंबीर मात्र गायब! जिभेकडे गोड-खारट-आंबट-कडू अशा मोजक्या चवींचंच खातं, बाकी कारभार नाकाचा.
आणि गंमत बघा. हिने मिरचीची फोडणी दिली की वास शून्य, पण धूर थेट श्वासनलिकेत. असा ठसका लागतो की शेजारी डोकावतात. चहा फुंकून पिता येत नाही. बशीत ओतायचा आणि निवेपर्यंत पेपर वाचायचा. सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली सोडलेली नाही. गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, आता कुरकुरीतपणासाठी खातो.

टॉन्सिलवाली
माझे टॉन्सिल तिशीनंतर काढले. घसा बरा झाला, पण श्रीखंड कडू लागायला लागलं, तोंडात सतत धातूसारखी चव. जिभेच्या मागच्या भागाची चव वाहून नेणारी नस टॉन्सिलच्या अगदी लगत असते, असं डॉक्टरांनी समजावलं. शिवाय ऑपरेशनमध्ये जीभ दाबून धरतात. काही महिन्यांत निवळलं. वास कधीच गेला नव्हता.

शेकवाला
माझी चव ऑपरेशनपेक्षा रेडिएशनच्या शेकांनी जास्त नेली. लाळच नाही, तर चव विरघळणार कशात? कढी-भात, ताक, पातळ वरण यांवर निभावलं. हळूहळू बरीचशी परत आली.

वैशालीनगरहून
बाबांना गॅस गळतीचा वास येत नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात ते वासासाठीच, पण त्यांना त्याचा उपयोग काय? आम्ही गॅस डिटेक्टर बसवला. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावायचा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहितो, आंबलेलं त्यांना कळत नाही.

काकांच्या ‘ही’कडून
यांनी मुख्य गोष्ट लिहिलीच नाही! वास थोडाफार परत मिळवता येतो. 2000 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक युक्ती मांडली. ओठ मिटलेले ठेवायचे आणि चारचौघांत जांभई दाबतो तसा जबडा, जीभ, तोंडाचा तळ खाली ओढायचा. नाकातून हवा आत खेचली जाते. भरभर, पुन्हा पुन्हा. स्पीच थेरपिस्ट शिकवतात. आमच्याकडे सराव कॉफीच्या बरणीवर झाला. सगळ्यांनाच जमतं असं नाही, यांना हिंगाच्या डबीपर्यंत आलंय.

सूनबाई
काकू, सासऱ्यांना अत्तराचा शौक आहे. सरावाला चालेल?

काकांच्या ‘ही’कडून
फाया नाकाशी धरा, चालेल. पण स्प्रे नको हं, तो गळ्यातून थेट आत जातो आणि मग खोकून खोकून हैराण.