पल्प म्हणजे लगदा, गर की आणखी काही?

अमेरिकेतल्या जुन्या विज्ञानकथा-मासिकांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. ‘पल्प मॅगझीन’ला मराठीत काय म्हणायचं? नुसतं ‘पल्प’ म्हटलं तर आमच्याकडे हापूसचा डबाच आठवतो. ‘सवंग मासिकं’ लिहून पाहिलं, पण ते अर्थ सांगायच्या आधीच निकाल देऊन मोकळं होतं. हिंदीत ‘लुगदी साहित्य’ रुळलंय. मग आपण ‘लगदा मासिकं’ म्हणावं का? आणि जाता जाता, ‘स्पेस ऑपेरा’साठी ‘अंतराळ संगीतिका’ चालेल ना?

प्रतिसाद

‘सवंग’ नकोच. हे नाव मुळात गोष्टींचं नाही, कागदाचं आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त, खरखरीत कागद. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये ‘आर्गोसी’ हे मासिक अशा कागदावर निव्वळ कथांसाठी चालवलं आणि पुढे तो साचाच पडला. या कागदात आम्ल असतं. म्हणून तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताना कोपरा हातात येतो. पैसेवाल्या मासिकांचा कागद चकचकीत, म्हणून ती ‘स्लिक्स’. या शब्दाला मराठीत ‘गुळगुळीत’ चपखल बसतो, आतल्या मजकुराच्या गुळगुळीतपणासकट.

पंचाईत पल्पचीच आहे. ‘लगदा’ अर्थानं बरोबर, पण आपल्याकडे भाताचा लगदा होतो तो बिघडल्यावर. म्हणजे शिवी मागच्या दारानं परत आलीच. रंगावरून नाव द्यावं तर ‘पिवळी पुस्तकं’ हा शब्द आधीच भलत्या कामाला लागलेला!

प्रतिसाद

कागदावरच थांबू नका, मापही बघा. ह्यूगो गर्न्सबॅक यांचं ‘अमेझिंग स्टोरीज’ एप्रिल १९२६ मध्ये निघालं. निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं हे इंग्रजीतलं पहिलं मासिक. किंमत २५ सेंट. आकार इतका ऐसपैस की संग्राहक त्याला ‘बेडशीट’ म्हणतात. साधारण ७ बाय १० इंचांच्या पल्प मापात ते १९३३ मध्ये आलं. म्हणजे मापानं बघितलं तर पल्प विज्ञानकथांचं हे आद्य मासिक सुरुवातीला पल्प नव्हतंच. तरी सगळे त्याला पल्पच म्हणतात, कारण एव्हाना त्या शब्दात कागद, किंमत, भडक मुखपृष्ठ आणि वेगवान गोष्ट असं सगळं आलं होतं.

मुखपृष्ठं फ्रँक आर. पॉल यांची. शिक्षण वास्तुरचनेचं, त्यामुळे यंत्रं आणि शहरं अशी की बघत राहावं. माणसं मात्र ठोकळे. पहिल्याच अंकावर बर्फात स्केटिंग करणारी मंडळी आणि मागे कड्यांसकट अवाढव्य शनी. लेखात एकच चित्र घालणार असाल तर हेच घाला.

शब्दांचं म्हणाल तर गर्न्सबॅकनी ‘सायंटिफिक्शन’ असा जोडशब्द चालवला होता. मधलं ‘फिक’ दोन्ही शब्दांनी वाटून घेतलेलं. बोलायला अवघड, टिकला नाही. १९२९ मध्ये ते मासिक हातचं गेल्यावर त्यांनी ‘सायन्स वंडर स्टोरीज’ काढलं आणि तिथून ‘सायन्स फिक्शन’ रुळत गेलं. ७५ टक्के साहित्य आणि त्यात विणलेलं २५ टक्के विज्ञान, हे त्यांचं प्रमाण.

प्रतिसाद

त्या प्रमाणावरून आठवलं. आपली ‘विज्ञानकथा’ समास म्हणून फारच मोघम आहे. ‘विज्ञानाची कथा’ असा विग्रह केला तर रेडियमच्या शोधाची हकीकतही त्यात बसते. ‘विज्ञानावर आधारित कथा’ म्हटलं, म्हणजे मध्यमपदलोपी मानला, तर गर्न्सबॅकच्या जवळ जातो. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेच्या नावात ‘विज्ञानरंजन कथा’ आहे, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

‘संगीतिका’ मात्र कृपा करून काढा. त्यात गाणं औषधालाही नाही. रेडिओवरच्या रडक्या मालिका साबणवाल्यांच्या जाहिरातींवर चालत, म्हणून ‘सोप ऑपेरा’. घोडेस्वारांचे तेच ते चित्रपट म्हणजे ‘हॉर्स ऑपेरा’. त्याच चालीवर १९४१ मध्ये विज्ञानकथांचे चाहते-लेखक विल्सन टकर यांनी घिस्यापिट्या अंतराळयानी गोष्टींना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवलं. पुढे तीच शिवी चाहत्यांनी लाडानं घेतली. सरळ ‘स्पेस ऑपेरा’ लिहा आणि ही साबणाची गोष्ट एका वाक्यात सांगा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

संगीतिका काढली. शीर्षकात ‘पल्प मासिकं’ ठेवतेय आणि पहिल्याच वाक्यात ‘लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद’ येईल. हापूस आठवणाऱ्यांना आठवू दे. त्या मुखपृष्ठांवरच्या ‘बग-आइड मॉन्स्टर’ला मी मोठ्या ऐटीत ‘कीटकनेत्री राक्षस’ केलं होतं. आईनं कच्चा खर्डा वाचून विचारलं, “म्हणजे बटबटीत डोळ्यांचा ना गं?” तेच लिहिलंय.