मदत हवी आहे: हरभऱ्याची मर, लसूण अर्क आणि ट्रायकोडर्मा

काळी जमीन, घरचं देशी बियाणं. फुलोऱ्याआधीच जागोजागी हरभरा माना टाकतोय. खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ दिसते. बुंध्याशी पांढरी बुरशी किंवा मोहरीसारखे दाणे नाहीत. म्हणजे मानकुजव्या (बुंधा कुजवणारा बुरशीचा रोग) नव्हे, फ्युजेरियम या जमिनीतल्या बुरशीची मरच.

पेरणीला एकरी १०० किलो निंबोळी पेंड आणि बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) दिलं होतं. सेंद्रिय प्रमाणपत्र असल्याने कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक चालणार नाही. लागलेली झाडं हातची गेली, शेजारची वाचवायचीत. त्यासाठी १० टक्के लसूण अर्काची (लिटरमागे १०० ग्रॅम लसूण, वाटून गाळून) आळवणी (बुंध्याशी ओतणं) करणार आहे. पण लसणाचा अर्क ट्रायकोडर्मालाही मारक ठरू शकतो. मग आळवणीनंतर किती दिवसांनी शेणखतात वाढवलेलं ट्रायकोडर्मा पुन्हा द्यावं? की अर्क ५ टक्क्यांवर आणला तर दोन्ही एकत्र चालतील?