पावसाळी प्रवासात हवामानाच्या कोणत्या अ‍ॅपवर विसंबावे?

प्रश्न – मुळशीकर
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगाव आणि तेथून हरिहरेश्वरला मोटारीने जाण्याचा विचार आहे. परतताना महाड, वरंधा घाट, भोर असा रस्ता मनात आहे. मोबाईलवरील तीन अ‍ॅप एकाच दिवसासाठी तीन वेगळ्या गोष्टी सांगतात: एक ‘पावसाची शक्यता 60 टक्के’ म्हणते, दुसरे 25 मिलिमीटर पाऊस दाखवते आणि तिसऱ्यात ढगाआडून चक्क सूर्य डोकावतो आहे. यांतील विश्वासार्ह कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – घाटमाथा
आपली तिन्ही अ‍ॅप कदाचित एकमेकांच्या विरुद्ध बोलत नसावीत. टक्केवारी पाऊस येण्याची शक्यता सांगते, तो किती जोराचा असेल हे सांगत नाही. आणि जुलैत ताम्हिणीत पाऊस असणार हे कळायला अ‍ॅपची गरजच नाही. खरी अडचण सह्याद्रीची आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. बहुतेक अ‍ॅपचे आकडे हवामानाचे गणित मांडणाऱ्या ज्या जागतिक संगणकीय प्रारूपांतून (मॉडेल) येतात, त्यांत जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच आकडा दिलेला असतो. त्यांतील नावाजलेल्या युरोपीय प्रारूपाचा चौकोनही सुमारे 9 किलोमीटरचा आहे. माथा आणि पायथा एकाच चौकोनात आले, की दोघांच्या वाट्याला सरासरी येते.

म्हणून मी आधी भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहतो, जो ‘मौसम’ अ‍ॅपवर आणि विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. पुणे व सातारा जिल्ह्यांच्या घाटभागासाठी वेगळा इशारा दिला जातो. आपल्याला तोच पाहायचा आहे, पुणे शहराचा नव्हे. विभागाच्या भाषेत ‘जोरदार पाऊस’ म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक, ‘अति जोरदार’ म्हणजे 115.6 पासून पुढे आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत जोरदार’. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. नारिंगी इशारा असेल तर ज्येष्ठांना घेऊन घाट उतरू नये असे माझे मत आहे. लाल असेल तर प्रश्नच उरत नाही.

उत्तर – विजेचा_लोळ
पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, तेही घ्यावे.

उत्तर – घाटमाथा
‘दामिनी’ चांगलेच आहे, परंतु त्याचा खरा उपयोग मे-जून आणि परतीच्या पावसात होतो. ऐन जुलैत घाटात विजांपेक्षा दरडी आणि धुके यांचीच भीती अधिक.

उत्तर – सावित्रीकाठ
परतीच्या रस्त्याबद्दल लिहितो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून महाडवरून वाहते, त्यामुळे महाडमध्ये रिमझिम असली तरी वर माथ्यावर झोडपून पडत असेल तर पाणी चढते. जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेले तेव्हाही माथ्यावर विलक्षण पाऊस झाला होता. म्हणून महाडचा अंदाज पाहताना महाबळेश्वरचाही पाहावा. शिवाय वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो आणि ही माहिती हवामानाच्या अ‍ॅपवर येत नाही. ती रायगड व पुणे जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत पाहावी लागते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी लाटांखाली जाते, तेव्हा भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि समुद्राची माहिती देणाऱ्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशाराही पाहून ठेवा.

मुळशीकर
सर्वांचे आभार. वरंध्याचा बेत सोडून ताम्हिणीनेच परतू. निघण्याच्या दिवशी सकाळी नेमके काय पाहावे?

उत्तर – घाटमाथा
मुंबईच्या डॉप्लर रडारचे चित्र आणि हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक अंदाज. रडार प्रत्यक्ष पडत असलेला पाऊस दाखवते. काही खासगी अ‍ॅपमध्ये त्यासारखे दिसणारे रंगीत चित्र मात्र निव्वळ संगणकीय अनुमान असते. हे सारे पौडच्या आधीच पाहून घ्या, कारण पुढे घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.