सोडून द्या म्हणणाऱ्यांनो, अजून किती सोडायचं?

शहापूरकर
काल आपल्या या बेळगावकडच्या ग्रुपवर एकानं लिहिलं : "दुकानदाराशी भांडून मनस्ताप करून घेण्यापेक्षा पाच-दहा हजार गेले समजा. ग्राहक आयोग मोठ्या लोकांसाठी असतो." वर त्याला लाईक किती! डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतोय.

मोठ्या लोकांसाठी? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी शून्य. वकील सक्तीचा नाही. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार लावता येते. दुकान कोल्हापूरचं असू दे, कंपनी दिल्लीची असू दे. मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, मग लेखी नोटीस, पोचपावती जपायची, मग आयोग. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत असा माल परत न घेणं हीच अनुचित प्रथा. बिल न देणंही त्यातच.

खडेबाजारचा तात्या
कायदा तोंडपाठ हाय, छान. खरं एकदा गल्ल्यावर बसून बघा. गिऱ्हाईकच म्हणतंय, "बिल नको, जीएसटी सोडा की तात्या." मिक्सर जळाला की तेच कायदा घेऊन दारात. लग्नात नेसलेली साडी अत्तराच्या वासासकट परत आणणाऱ्या बाया बघितल्यात मी. आम्ही कुठल्या आयोगात जायचं?

खानापूरची सून
बिल मागितलं की "अठरा टक्के जादा पडतील" असं कोण म्हणतं तात्या? गिऱ्हाईक?
आमच्या फ्रिजचं सांगते. मेकॅनिक यायचा, फोटो काढायचा, "ओटीपी सांगा वहिनी" म्हणायचा. सांगितला की तक्रार बंद, फ्रिज तसाच गरम. शेवटी ओटीपी देणंच थांबवलं आणि 1915 ला नोंदवलं. मग कंपनीला जाग आली.

निपाणीकर
सगळं खरं, पण कुठल्या भाषेत? कस्टमर केअरला 591 नं सुरू होणारा आपल्या बेळगाव जिल्ह्याचा पिनकोड सांगितला की पुढचं सगळं कन्नडमध्ये. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असले की सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यायची, हा नियम कागदावरच राहिला. कंपन्या कशाला जुमानतील?

चिक्कोडीचा मास्तर
आला! मिक्सर जळाला तरी सीमाप्रश्न. 'बेळगाव-कारवार-बिदर-भालकी' घोषणेतल्या भालकीपर्यंत पोचायच्या आत कुणीतरी थांबवा यांना. अहो, 1915 ला सतरा भाषा आहेत, त्यात मराठी आहे.

निपाणीकर
तुम्हाला कन्नड येतं म्हणून विनोद सुचायलाय. पाणी तापवायचा सोलर बसवणाऱ्यानं माझ्या आईकडून कन्नड कागदावर सही घेतली. 'काम समाधानकारक झाले' असं लिहिलेलं. पाणी अजून कोमटच. आता तोच कागद तोंडावर फेकतात.

चिक्कोडीचा मास्तर
वाईट झालं. पण मराठीत असता तर वाचला असता का? विम्याचे मराठी कागद तरी कोण वाचतं?

निपाणीकर
आईवर जाऊ नका. वाचला असता. ती रोज पेपर वाचते, पहिल्या पानापासून श्रद्धांजलीपर्यंत.

शहापूरकर
मास्तर, हे चुकलंच तुमचं. आणि निपाणीकर, भाषेचा लढा आपल्या जागी, त्यापायी सोलरचे पैसे कशाला सोडताय? पाण्याचा व्हिडिओ काढा आणि आजच लेखी तक्रार द्या. सही झाली म्हणून वॉरंटी संपत नाही.

खडेबाजारचा तात्या
द्या द्या. कायद्यात लिहिलंय, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. माझ्या मेव्हण्याच्या दोन दिवाळ्या गेल्या, अजून तारीखच.

शहापूरकर
तारखा पडतात, मान्य. घ्या, जिंकलात. म्हणून काय उद्यापासून जळके मिक्सर पदरमोड करून देव्हाऱ्यात ठेवायचे?

खडेबाजारचा तात्या
नका ठेवू. उद्या दुकानात या सगळे, पक्कं बिल देतो. फक्त जीएसटीचा आकडा बघून "कच्चं द्या" म्हणू नका म्हणजे झालं.

खानापूरची सून
तात्या, खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. त्याच्यावर हा जादा आकडा कुठला लावणार?