४८ इंची एक्स्ट्रा मॉडेल विमानाला जुनीच मोटर ४एस वर चालेल का?

सुखलियाकर:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. रिमोटच्या विमानांत फोमचा ट्रेनर (शिकाऊ विमान) झाला, मग एक लो-विंग (खाली पंख असलेलं) झालं, आता बाल्सा लाकडाचं एक्स्ट्रा ३०० (कसरतीचं विमान) घेतलंय, पंख ४८ इंच. किटच्या कागदावर वजन १.५ ते १.७ किलो आणि ४एस (चार सेलची बॅटरी) एवढंच लिहिलंय. माझ्याकडे ३५४२ मापाची, १००० केव्हीची (बिनभाराने एका व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर पडून आहे. ३एस वर ११x७ प्रॉप (पंखा; व्यास ११ इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल ७ इंच) लावला की वॅटमीटर ३२ अँप दाखवतो. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ५० अँपचा आहे. दुकानदार म्हणाला, "हीच मोटर, हाच प्रॉप, फक्त ४एस लाव, पॉवर आपोआप वाढेल." खरं का? मला वेग नकोय. हॉवर (नाक वर करून जागीच टांगणं), नाइफ एज (कुशीवर उडणं) आणि जमलं तर हॅरियर (नाक उंच ठेवून संथ उडणं) शिकायचंय.

तिलकनगर_विंग्ज:
पॉवर वाढेल, पण ईएससी जाईल. मी तर म्हणतो सरळ ६एस कर. अँप कमी, सगळं थंड राहतं.

रामबागचा_वाइंडर:
दादा, ६एस चांगलंच, पण दीड किलोच्या विमानात सहा सेल म्हणजे एकतर वजन वाढणार किंवा एमएएच (बॅटरीची क्षमता) कमी घ्यावे लागणार. दोन-सव्वादोन किलोच्या पुढे मीही ६एसच सांगेन. इथे ४एस बरोबर आहे.

सुखलियाकर, माझं काम मोटर रिवाइंडिंगचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तू मोटरपासून सुरुवात केलीस. विमानाला मोटर दिसत नाही, त्याला प्रॉप दिसतो. आधी वजन धर, मग प्रॉप, मग बॅटरी, त्यावरून केव्ही. ईएससी सगळ्यात शेवटी.

वजन १.६ किलो धरू. थ्री-डी (अशा संथ कसरती) करायचं तर किलोमागे साधारण ४५० वॅट हवेत, म्हणजे ७२०. भार आला की ४एस १४ व्होल्टच्या आसपास बसते. ७२० भागिले १४, झाले ५१ अँप. इथेच ५० चा ईएससी बाद. ७० चा घे.

आता प्रॉप. हॉवरला मोठा व्यास आणि बेताचा पिच लागतो. १३x६.५ घे. तो नऊ हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरला तर पिचचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या जवळ येतो, तुझ्या कामाला भरपूर. तुझा ११x७ ४एस वर ११ हजारांपर्यंत पळेल, वॅटही तितकेच खाईल, पण ओढ कमी देईल आणि वेग ११५ च्या पुढे नेईल, जो तुला नकोच आहे. फक्त आधी शेपूट उचलून, विमान आडवं धरून, शाफ्टपासून जमिनीपर्यंत अंतर मोज. १३ इंचीची त्रिज्या साडेसोळा सेंटीमीटर, त्यावर तीन-चार सेंटीमीटर मोकळे हवेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात ढेकळं धरते, प्रॉप तिथेच तुटतात.

४एस वर नऊ हजार आरपीएम हवे असतील तर केव्ही ८०० च्या आसपास येतो, कारण भाराखाली मोटर आपल्या रिकाम्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच टिकते.

आता दुकानदाराचं बोलणं. व्होल्टेज तीनाचं चार झालं की आरपीएम सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, पण प्रॉपला लागणारी पॉवर आरपीएमच्या घनाने वाढते. तुझे ३२ अँप ५५ च्या घरात जातील, ३५० वॅटचे ७५० होतील. ३५४२ चं वजन १३० ग्रॅमच्या आसपास असतं, तिच्याकडून ४००-४५० च्या वर सतत घेऊ नये. जास्त घेतलं तर आधी वाइंडिंगचं वार्निश काळं पडतं, पण खरा घात चुंबकाचा होतो. साध्या ग्रेडचे निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ताकद सोडायला लागतात आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही. चुंबक कमजोर झालं की केव्ही चढतो, केव्ही चढला की अँप चढतात, मोटर आणखी तापते. माझ्या टेबलावर अशा मोटरी येतात. तार नवी घालता येते, चुंबकाचं मी काही करू शकत नाही.

म्हणून १७० ते २०० ग्रॅमची मोटर बघ. आकड्यांवर जाऊ नकोस: एक कंपनी बाहेरच्या डब्याचं माप लिहिते, दुसरी आतल्या स्टेटरचं. एकीची ३५४८ आणि दुसरीची २८२० बऱ्याचदा एकाच मापाच्या निघतात. वजन मात्र दोन्हीकडे ग्रॅममध्येच असतं.

इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. मे महिन्यात ४२ अंशांत इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास विरळ होते. ओढ घटते, अँपही घटतात, पण ईएससीला थंड करायला हवाच गरम. डिसेंबरच्या सकाळी उलट, हवा दाट आणि अँप जास्त. वॅटमीटर थंडीच्या सकाळी लाव, उन्हाळ्याचा आकडा फसवतो.

अलकापुरी_एअर (वडोदरा):
काका, दोन गोष्टी जोडते. प्रॉप इलेक्ट्रिक प्रकारचाच घ्यावा, स्लो-फ्लाय नको. एपीसीच्या स्लो-फ्लायची मर्यादा ६५,००० भागिले इंचातला व्यास, म्हणजे १३ इंचीला फक्त पाच हजार आरपीएम. नऊ हजारांना पातं उडून तोंडावर येईल. दुसरं, ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) किमान ५ अँपचा, स्विचिंग प्रकारचा असू दे. हॅरियरमध्ये चारही सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम ओढतात, बीईसी बसला की रिसीव्हर बंद.

आणि जागा निवडताना डिजिटल स्कायचा (सरकारी पोर्टलवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा) नकाशा बघा. इंदूरचा सुपर कॉरिडॉर मोकळा दिसतो, पण विमानतळ जवळ आहे.

सुखलियाकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ३५४८, ८०० केव्ही घेतली, १७२ ग्रॅम भरली. १३x६.५ वर सकाळी सातला ५३ अँप, ७४० वॅट. बॅटरी २२०० एमएएच घेऊ की ३०००? मित्राची ३००० लावून बघितली तर नाक जड झालं, सीजी (तोल साधणारा बिंदू) १० मिलिमीटर पुढे गेला.

रामबागचा_वाइंडर:
आकडे छान आलेत. थ्री-डीत सरासरी २५ अँप धर. २२०० चे ८० टक्के वापरलेस तर चार मिनिटं, ३००० चे तर पावणेसहा. पण ३००० ऐंशीएक ग्रॅम जास्त भरते आणि हॅरियरमध्ये तेच वजन जाणवतं. शिकताना २२०० च्या दोन घे. ५३ अँप म्हणजे २४सी, म्हणजे २.२ अँप-अवरच्या २४ पट. पाकिटावर ३५ लिहिलंय म्हणून सुटेल असं समजू नकोस, छापलेला सी फुगवलेला असतो. ४५-५० वाली घे. टायमर साडेतीन मिनिटांवर ठेव, उतरल्यावर सेल ३.७५ व्होल्टच्या खाली नसावा.

सीजीसाठी शिसं चिकटवू नकोस. आधी २२०० लावून बघ, मग बॅटरी फायरवॉलपासून (मोटर बसते ती पुढची भिंत) मागे-पुढे सरकव. ईएससी मात्र काउलच्या (नाकावरच्या झाकणाच्या) हवेच्या वाटेवरच राहू दे. आणि हवा बाहेर पडायचं भोक आत येण्याच्या भोकाच्या निदान दुप्पट काप. बऱ्याच किटांमध्ये ते बंदच असतं, खालच्या बाजूचं कव्हरिंग सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने उघडावं लागतं.